कोरड्या तोंडातले दात

पुकारा

मी धाराशिवच्या कोर्टात शिपाई आहे. माझे वडील मेंढ्या राखायचे. आमच्या घरात नोकरी लागलेली मी पहिलीच. साहेब येऊन बसले, की दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे माझं मुख्य काम. बाहेर लिंबाखाली बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा माझा आवाज होता. वकील लोक चेष्टेनं म्हणायचे, सुनंदाताईंना माईक लागत नाही.

तो आवाज एका दिवसात गेला नाही. आधी दुपारच्या पुकाऱ्याला घसा खरखरायचा. मग सकाळीच जीभ टाळूला चिकटायला लागली. नाव अर्ध्यावर तुटायचं आणि मी खोकत बसायची. दाराशेजारी पाण्याची बाटली ठेवली. घोट घेतला की तेवढ्यापुरतं बरं, पुन्हा तेच. पाणी पिणं वेगळं आणि तोंडाला पाणी सुटणं वेगळं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तोंडात थुंकी असते तोवर तिची आठवण कोण काढतं?

बरोबरच्या एका बाईनं सांगितलं, खडीसाखर चघळत जा. मी दिवसभर गालात खडा धरून ठेवायला लागले. त्यानं बरं वाटायचं. पुढं कळलं, त्या खड्यानंच निम्मं वाटोळं केलं.

आणि थकवा. थकव्याला दुसरा शब्द नाही म्हणून तोच वापरते, पण कामानं येणारा थकवा हा नव्हे. तो झोपल्यावर जातो. हा झोपून उठल्यावर उशाशी बसलेलाच असायचा. भिजलेली गोधडी पांघरून दिवसभर चालावं तसं वाटायचं. हाताची बोटं सकाळी मिटायची नाहीत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायचं. आमच्या भागातल्या उन्हाला आणि धुळीला मी दोष देऊन मोकळी व्हायची.

ज्यांना हे झालंय त्यांना पुढचं वाचताना आपलंच वाटेल. ज्यांना झालेलं नाही त्यांना वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं हे केवढं. मलाही आधी तसंच वाटलं असतं.

दातांना चुना

माझे दात कधी किडलेले नव्हते. चाळिशी गाठेपर्यंत मी दातांच्या दवाखान्याची पायरी चढले नव्हते. मग एका वर्षात मागच्या दाढा एकामागून एक किडल्या. एका दवाखान्यात दोन भरल्या, एक काढली. तिथले डॉक्टर दर वेळी म्हणायचे, “बाई, ब्रश करत जा नीट.” मी दोन वेळा ब्रश करायची. तसं सांगितलं, तर ते नुसते हसले. त्या हसण्यानं मी इतकी ओशाळले, की पुन्हा तिकडं गेलेच नाही.

एक दिवस आमची वैष्णवी, माझी मुलगी, अकरावीत होती तेव्हा, माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, “आई, तुझ्या दातांना चुना लागलाय.”

मी आरशात पाहिलं. पुढच्या वरच्या दातांना, हिरडीला लागून, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. एका दातावर नाही, सहाही दातांवर. घासून बघितली, निघेना. कोर्टातल्या एका माणसानं तर मला हळूच विचारलंही होतं, “ताई, तंबाखू खाताव का?” मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. मिसरीसुद्धा नाही. तेव्हापासून मी हसताना तोंडापुढं पदर धरायला लागले होते. आता त्याचं कारण दिसलं.

वैष्णवीच्या मैत्रिणीची बहीण दातांची डॉक्टर होती आणि तिनं बसस्टँडच्या मागं नवीन दवाखाना टाकला होता. वैष्णवीनं मला जवळजवळ ओढतच तिथं नेलं. डॉक्टर तिशीतली असेल. तिनं माझं तोंड उघडून पाहिलं, आरसा आत घातला, तर तो आरसा माझ्या गालाला आतून चिकटला. ती थांबली. आरसा हलकेच सोडवला आणि मला खुर्ची उभी करून दिली.

“ताई, भाकरी गिळताना पाणी लागतं का?”

“लागतं. पाण्याशिवाय घासच उतरत नाही.”

“डोळ्यांत टोचतं?”

“टोचतं. पण मी त्यासाठी नाही आले.”

“शेवटचं कधी रडलात?”

मला वाटलं, ही काय विचारतेय. मी म्हणाले, “मॅडम, रडायला काय झालंय?”

“तसं नाही. रडताना डोळ्यांतून पाणी येतं का, ते विचारतेय.”

मी विचार केला. दिवाळीच्या आधी माझा मामा वारला होता. सगळ्या बायका रडत होत्या आणि मी कोरड्या डोळ्यांनी बसले होते. मामी मागून कुणाला तरी म्हणाली होती, नोकरीवाल्या बायांचं काळीज दगडाचं असतं. ते मी मनाला लावून घेतलं होतं. मलाही खरंच वाटलं होतं, की आपल्याला काही वाटेनासं झालंय.

मी मॅडमना एवढंच म्हणाले, “नाही येत.”

त्यांनी हात धुतले, समोर स्टूल घेऊन बसल्या. “हे ब्रशमुळं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ब्रश चांगला करता, हिरड्या बघून कळतं. थुंकी दातांना धुते, जपते. तीच नसेल तर दात उघडे पडतात. दातांचं मी बघते. पण थुंकी का आटली, ते आधी बघायला पाहिजे. सोलापूरला जाऊन या.”

ब्रशमुळं नाही, एवढं ऐकून मला तिथल्या तिथं आडवं होऊन झोपावंसं वाटलं.

सोलापूर

सोलापूरला सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर होते. त्यांनी डोळ्यांच्या कडेला कागदाच्या पट्ट्या अडकवल्या आणि त्या किती भिजतात ते पाहिलं. त्या कोरड्याच राहिल्या. रक्त घेतलं. खालच्या ओठाच्या आतून चिमटीएवढा तुकडा काढला. ओठ सुजला, आठवडाभर मी चमच्यानं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं पीत होते.

निकाल ऐकायला मी आणि आमचे मिस्टर दोघं गेलो. मिस्टरांचं धाराशिवला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडून त्यात नवीन तांबं भरायचं काम. दुकान बंद ठेवून ते आले होते, आणि बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्यांना गिऱ्हाइकांचे फोन येत होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. शोग्रेन. मला ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. त्यांनी सावकाश समजावलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच बिथरतात आणि आपल्याच लाळेच्या, अश्रूंच्या ग्रंथींवर तुटून पडतात. म्हणून तोंड सुकतं, डोळे सुकतात, सांधे धरतात, माणूस थकतो.

“कशामुळं झालं पण?” मिस्टरांनी विचारलं.

“कुणाच्या चुकीनं नाही.”

“किती दिवस गोळ्या घ्याव्या लागतील?”

“कायमच. पुरता बरा होणारा आजार नाही हा. पण आवरून धरता येतो. पुष्कळ जणी नोकरी करतात, संसार करतात. फक्त आपल्या अंगाचं ऐकायला शिकावं लागतं.”

मिस्टरांनी मान हलवली. औषधं घेतली. एसटीत मला खिडकी दिली.   मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. मी आळशी नव्हते, दगडाच्या काळजाची नव्हते, घाणेरडी नव्हते. मला आजार होता आणि त्याला नाव होतं. रडावंसं वाटलं, पण त्याचीही सोय राहिलेली नव्हती.

येळवस

आमचं गाव बेंबळी. तिथं माझ्या सासूबाई आणि धाकटे दीर-जाऊ राहतात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी उभी हयात रानात काढली. सत्तरीच्या पुढं वय, तोंडात दात नावाला चार-दोन, पण अजून वासरामागं पळतात.

गोळ्या सुरू झाल्या त्या हिवाळ्यात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या आली. आमच्याकडं या अमावास्येला सगळं गाव रानात असतं. कडब्याची खोप करून तिथं पूजा, आणि मग जेवण. पालेभाज्या आणि शेंगांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील. आदल्या दिवशी बायका पहाटेपासून सोलणं, निवडणं, शिजवणं यात असतात. मी आदल्या दिवशी पोचले ती माजघरात आडवी झाले. उठायचं ठरवत होते आणि पाय उचलत नव्हते. बाहेर जाऊबाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता आणि मला लाजेनं मेल्यासारखं होत होतं.

दुसऱ्या दिवशी रानात पंगत बसली. भज्जीचा घास घेतला. हिरवी मिरची कोरड्या जिभेवर निखाऱ्यासारखी लागली. उंडा तोंडात फिरत राहिला, खाली जाईना. शेवटी मी नुसती आंबील प्यायले. तेवढीच गोड लागली.

आत्याबाई बघत होत्या. “काय गं, जेवंना का झालीस?”

मी सांगायचा प्रयत्न केला. आजाराचं नाव, थुंकी, दात.

“तोंड वाळतंय म्हणून कुणी सोलापूरला जातं व्हय?” त्या म्हणाल्या. “पाणी पी की. आन दातांचं काय एवढं? माझे बी गेले. म्या कुठं दवाखाना केला? आमाला न्हाय असली नावं ठावं.”

 मिस्टर मान खाली घालून जेवत राहिले. ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर मागं बसून मी त्यांच्या पाठीकडं बघत होते आणि वाटत होतं, की आजार हा एकट्यानं करायचा असतो, बाकीचे फक्त घरात असतात.

बोलंना झालीस

हे प्रकरण लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

कोरड्या तोंडानं बोलणं हे कष्टाचं काम आहे. जीभ उचलावी लागते, टाळूपासून सोडवावी लागते. कोर्टात दिवसभर जे काय शब्द होते ते मी खर्चून यायची. आम्हा शिपायांना कामं वाटून देणाऱ्या नाझरसाहेबांनी समजून घेऊन मला पुकाऱ्यावरून काढून रेकॉर्डला बसवलं. त्यांनी चांगल्या मनानं केलं, पण त्या दिवशी दुसरी बाई दारात उभी राहून नावं पुकारत होती आणि मी आत फायलींच्या धुळीत शिंकत होते. घरी आले की मला बोलायचं नसायचं. मानेनंच हो-नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी मिस्टरांनी ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, “तू माझ्याशी बोलंना झालीस. किती महिने झाले. माझं काय चुकलं ते तर सांग.”

मी मानेनं नाही म्हटलं.

“हे बघ. हे असंच. येळवशीला आई बोलली, म्या गप बसलो, त्याचा राग धरलास ना?”

वैष्णवी पुस्तक मिटून आत निघाली. मी तिला हातानं थांबवलं. पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “राग होता. पण त्याच्यानं गप नाही. बोलायला थुंकी लागते. ती नाही.”

त्यांनी ताट परत जवळ ओढलं.

“मला वाटलं,” ते म्हणाले, “तुला आता माझा कंटाळा आला.”

लग्नाला एवढी वर्षं झाली आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून असं काहीतरी समजत होता. मी इतकी दमलेली होते, की मला त्याचं वाईटही नीट वाटून घेता आलं नाही. मी फक्त म्हणाले, “उद्या माझ्यासोबत दातांच्या दवाखान्यात चला. मला ते सगळं सांगायला जमत नाही. तुम्ही ऐका.”

मुरवायचं काम

दातांच्या मॅडमनी मधल्या काळात खडीसाखर बंद करायला लावली होती, फ्लोराइडची वेगळी पेस्ट दिली होती. आता त्या पांढऱ्या रेघांचं काम करायचं होतं. त्यांनी मिस्टरांना समोर बसवून सांगितलं.

“दाताचं वरचं कवच अजून फुटलेलं नाही. पण आतून क्षार गेलेत, ते भुसभुशीत झालंय. म्हणून पांढरं दिसतं. असंच राहिलं तर वरचा पापुद्रा बसेल आणि खड्डा पडेल. खड्डा पडला की कोरून भरावं लागतं, आणि यांच्या तोंडात भरलेल्या दाताची कडसुद्धा पुन्हा किडते. म्हणून आताच, न कोरता, त्या बारीक छिद्रांमध्ये रेझिन मुरवायचं. पातळ असतं, आत शोषलं जातं. मग निळ्या उजेडानं घट्ट करायचं. वाट बंद होते.”

मिस्टर ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे व्हार्निश.”

“कसलं व्हार्निश?”

“मोटारीचं. वाइंडिंग भरून झालं की आम्ही वरून व्हार्निश सोडतो. ते तारांच्या मधून आत मुरतं, मग तापवून कडक करायचं. म्हणजे पाणी शिरत नाही. पण वाइंडिंग ओलं असलं तर मुरत नाही ते.”

“अगदी तसंच,” मॅडम म्हणाल्या. “इथंही दात खडखडीत वाळवावा लागतो. बाकीच्या पेशंटला थुंकी आवरताना माझी दमछाक होते. यांच्याकडं तेवढं एक सोपं आहे.”

कोरड्या तोंडाचा एवढाच काय तो फायदा मला आजवर सापडलाय.

काम एका बैठकीत झालं नाही. मला तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून बसवतच नव्हतं. मॅडम मला दुपारी बोलवायच्या, कारण सकाळी माझे सांधे आखडलेले असतात, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. आधी ओठांच्या चिरलेल्या कोपऱ्यांना व्हॅसलिन लावायच्या. मग दातांवरून रबराचा पातळ पडदा बसवायचा, म्हणजे हिरडी झाकली जाते आणि दात तेवढे बाहेर राहतात. त्या पडद्याच्या वासानं मला पहिल्या दिवशी मळमळलं. मग दातावर आंबट जेल लावून थोडा वेळ ठेवायचं, म्हणजे छिद्रांची तोंडं उघडतात. ते धुवायचं. वाळवायचं. मग स्पिरिटसारखं काहीतरी. पुन्हा वाळवायचं. वाळवताना पांढरी रेघ अजूनच उठून दिसायची. मग ते रेझिन, आणि वाट बघणं.

दुखत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी घाबरून आदल्या दिवशी जेवले नव्हते. सुई नाही, मशीनची घरघर नाही. पण कंटाळवाणं आहे. पाठ भरून येते, जबडा दुखतो, वरच्या दिव्यानं डोळे भाजतात. माझे डोळे तर मिटूनही भाजायचे. एकदा मिस्टर मॅडमना म्हणाले, “जरा थांबता का? तिनं पायाची बोटं वळवलीत. डोळ्यांत औषध घालायचं राहिलंय.” माझी डोळ्यांच्या थेंबांची बाटली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. त्यांनी स्वतः थेंब घातले. मोटारीच्या ग्रीसनं कडा काळ्या झालेली ती बोटं, आणि थेंब अगदी नेमका डोळ्याच्या कोपऱ्यात. माझं तोंड पडद्याआड होतं, काही म्हणता आलं नाही. त्या दिवशी कुणी काही म्हणायची अपेक्षाही केली नाही.

निळा उजेड पडून गेल्यावर मॅडमनी पडदा काढला, दात घासून गुळगुळीत केले आणि आरसा दिला. रेघ गेली होती. पूर्ण नाही, एका दातावर सावलीसारखी राहिली होती. पण कुणी तंबाखू खाताव का विचारणार नाही, इतपत गेली होती. वैष्णवीला दाखवलं तर ती म्हणाली, “हस की मग.” मला हसायची सवय राहिली नव्हती. ओठ ताणला की चिरत होता.

टिकलं ते आणि गेलं ते

खरं सांगायचं तर सगळे दात वाचले नाहीत.

सुळ्याच्या शेजारचा एक दात मॅडमनी वाळवला तेव्हा कळलं. कवच आधीच फुटलेलं होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं इतकंच. तिथं रेझिन मुरवून उपयोग नव्हता. तो कोरून भरावा लागला. मागच्या दोन दाढांच्या फटीत मुरवलं होतं, त्यातली एक टिकली आणि एक पावसाळा लागेपर्यंत किडली. तपासणीचा फोटो बघून मॅडमचाच चेहरा उतरला. मी त्यांना म्हणाले, “असू द्या.” मला कुणाला धीर द्यायचा नव्हता. पण आता दर तीन-चार महिन्यांनी इथं यायचंच आहे, आणि ज्या माणसाकडं जन्मभर यायचं त्याच्याशी रागावून कसं चालेल.

हा आजार असाच आहे. जिंकला असं कधी होत नाही. आज काय काय जागेवर आहे तेवढं बघायचं. थुंकी वाढवायची गोळी घेते, तिनं घाम फुटतो. बाटली सोबत असते. भाकरी आमटीत कुस्करून खाते. कोर्टात डबा उघडताना पूर्वी लाजायची, आता लाजायलाही दम लागतो. पुकाऱ्यावर परत गेले नाही. नाझरसाहेबांनी विचारलं होतं. मी रेकॉर्डलाच राहते म्हणाले. मिस्टर घरी आले की मी खुणेनं बोलते आणि ते तोंडानं. दुकानातलं सगळं सांगत बसतात. पूर्वी एवढे बोलत नव्हते.

बेंबळीहून

श्रावणातली गोष्ट. सुटीचा दिवस होता. आदला आठवडाभर सांधे उसळले होते आणि मी दुपारी जेवून नुकतीच आडवी झाले होते. दार वाजलं. आत्याबाई उभ्या. न कळवता त्या कधी येत नाहीत. मागं एक बाई, डोक्यावरून पदर, डोळे लाल. आत्याबाईंच्या शेजारची, कौसल्या. माझ्याहून लहान असेल.

मी दोघींना पाणी दिलं. कौसल्यानं तांब्या रिकामा केला आणि दुसऱ्याकडं बघितलं.

“हिचं बी तुझ्यावाणीच दिसायलंय,” आत्याबाई म्हणाल्या. “घास गिळंना. डोळे चोळ चोळ चोळायली. घरातले म्हणत्यात नाटकं करायली. म्या म्हणलं, माझ्या सुनंला असलंच हाय, चल दावते.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या लुगड्याच्या पदरानं कपाळ पुसत होत्या आणि माझ्याकडं बघायचं टाळत होत्या. येळवशीचं त्यांनी काही काढलं नाही. मीही काढलं नाही.

मला झोप हवी होती. आज कुणाचंच ऐकायला नको, सांगायला तर नकोच, असं वाटत होतं. कौसल्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिची जीभ टाळूला चिकटल्याचा तो बारीक आवाज येत होता, प्रत्येक शब्दाआधी. तो आवाज मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मी मोबाईलची बॅटरी लावली. तिला म्हणाले, “तोंड उघड.”

तिनं आधी पदर लावला, मग काढला. वरचे पुढचे दात हिरडीपाशी पांढरे झालेले. खाली दोन खड्डे. बाकीचे अजून शाबूत दिसत होते.

“मी घासते, ताई,” ती घाईनं म्हणाली. “रोज घासते. खोटं न्हाय बोलत.”

“घासत असणार,” मी म्हणाले. “हे न घासल्यानं होतच नाही.”

 तिचा चेहरा आक्रसला, खांदे हलायला लागले, आणि डोळे तसेच कोरडे. आत्याबाई गोंधळून तिच्याकडं, मग माझ्याकडं बघू लागल्या. मी उठून माझ्या थेंबांची नवीन बाटली आणली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या डोळ्यांत थेंब घातले. तिच्या कानशिलांवरून ते ओघळले.

“रडू दे तिला,” मी आत्याबाईंना म्हणाले. “आणि तुम्ही आज इथंच राहा. उद्या मी रजा टाकते. सकाळी नको, दुपारी मॅडमकडं जाऊ.”